चौघांचं भाडं, एकाची वायर

शेअरिंगचा फ्लॅट ठरला, डिपॉझिटची कॉन्ट्री निघाली, अटॅच्ड बाथरूमवाली खोली कोणाची यावरून एक संध्याकाळ गेली, की पुढचा विषय वायफायचा. पुण्यात वाकड असो, खराडी असो की कर्वेनगर, बोलणं एकाच वाक्याने सुरू होतं: ‘किती एमबीपीएसचं घ्यायचं?’ प्रश्न चुकीचा नाही, पण त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. वेग आज मुबलक मिळतो आणि चौघांत वाटला तर स्वस्तही पडतो. भांडणं होतात ती दुसऱ्याच गोष्टींवरून. गुरुवारी लाइट गेली की नेटही जातं. मागच्या खोलीत रेंज येत नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर होतं तो बंगळुरूला निघून गेला आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातोय.

तरी वेगाचा हिशेब एकदा मांडून टाकू. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे २००४च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरलं. ही पायरी २०१३मध्ये ५१२ किलोबिटवर गेली आणि २०२३मध्ये २ मेगाबिटवर, म्हणजे २ एमबीपीएसवर. सरकारच्या लेखी आजही दोन एमबीपीएस पुरेसे आणि दारात आलेला केबलवाला म्हणतो, ‘शंभरच्या खाली कोणी घेतच नाही.’ खरी गरज या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस लागतात असं नेटफ्लिक्सच सांगतं. झूमच्या ग्रुप कॉलला उत्तम चित्र हवं असलं तरी जाता-येता प्रत्येकी चाराच्या आत काम भागतं. आता आयपीएलच्या दिवसांतली रात्र धरा. हॉलमध्ये टीव्हीवर फोर-के मॅच, दोघांच्या लॅपटॉपवर वेब सिरीज, चौथा अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉलवर. पंधरा, पाच, पाच आणि चार मिळून एकोणतीस. चार फोनांवरची रील्स धरून चाळीस म्हणा. शंभरात हे सगळं पाय पसरून बसतं.

जिओने २०२०मध्ये जाहीर केलेल्या दरांत १०० एमबीपीएसला महिना ६९९ रुपये होते आणि ३०० एमबीपीएसला १,४९९. त्यावर १८ टक्के जीएसटी. चौघांत वाटलं तर डोई साधारण २०६ रुपये विरुद्ध ४४२. दर बदलत राहतात, पण दोन्हींतलं अंतर मोठं आहे आणि त्या जादा पैशांत रोजच्या वापरात डोळ्यांना दिसेल असा फरक फारसा पडत नाही. अपवाद मोठ्या फाइलींचा. साठ जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला तासभर आणि वर वीस मिनिटं लागतात, ३००वर सत्तावीस मिनिटं. घरात असा गेमर असेल तर वाढीव पैसे त्याने भरावेत, हे माझं स्पष्ट मत.

इथेच एक नेहमीची तक्रार निकालात काढू. ‘शंभर सांगितले आणि बाराच येतात.’ प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, डाउनलोडच्या खिडकीतला बहुतेकदा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभराचे साडेबारा होतात. फसवणूक झालेली नसते. ‘अनलिमिटेड’वालंही असंच. मोठ्या कंपन्यांच्या पुष्कळ प्लॅनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरांत असते. चौघांत वाटली तर माणशी दिवसाला २७ जीबी येतात. फोर-के चित्रपट तासाला सातेक जीबी खातो, म्हणजे रोज चौघांनी प्रत्येकी चार-चार तास फोर-के पाहिलं तर ही मर्यादा गाठली जाईल. गल्लीतल्या लहान कंपनीची मर्यादा मात्र विचारून घ्या, ती बरीच खाली असू शकते.

एवढं झालं की खऱ्या चौकशीला लागायचं. विचारायचा प्रश्न असा: कंपनीपासून आमच्या घरापर्यंत येणाऱ्या वाटेत वीज कुठे-कुठे लागते?

‘फायबर’ हे नाव आता सरसकट सगळ्यांनाच लावलेलं असतं. पण त्यात निदान दोन जाती आहेत. पहिल्या जातीत काचेचा तंतू थेट तुमच्या हॉलपर्यंत येतो. कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका तंतूतला प्रकाश वाटेत स्प्लिटर नावाच्या डबीत वाटला जातो, बत्तीस किंवा चौसष्ट घरांत. या डबीला वीज लागत नाही. तिच्यात एकही चालणारा भाग नसतो, नुसती काच. तंतू जिथे संपतो त्या तुमच्या घरातल्या डब्याला वीज आहे आणि केंद्रात बॅटरी-जनरेटर आहे, एवढ्यावर नेट चालतं. दुसऱ्या जातीत फायबर सोसायटीच्या गच्चीवर किंवा डक्टमध्ये येऊन थांबतं. तिथे एक स्विच बसवलेला असतो आणि त्यातून मजल्या-मजल्यावर तांब्याची लॅन केबल खाली सोडलेली असते. या केबलची धाव शंभर मीटर, त्यामुळे मोठ्या इमारतीत मधे आणखी स्विच. प्रत्येक स्विचला वीज लागते आणि ती बहुधा जिन्यातल्या लाइटच्या कनेक्शनवरून घेतलेली असते. मग लिफ्टला जनरेटर आहे, तुमच्या फ्लॅटला इन्व्हर्टर आहे, पण नेट नाही. पावसाळ्यात वीज कडाडली की तांब्याच्या केबलवरून आलेला झटका स्विचचे पोर्ट जाळतो आणि वेळप्रसंगी तुमच्या राउटरचाही. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पहिल्या जातीला त्या बाजूने ही भीती नाही.

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. घरून काम करणाऱ्याला हा फरक दर आठवड्याला जाणवू शकतो. फायबर थेट घरात असेल तर बारा व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, वहीएवढा असतो, डब्याला आणि राउटरला काही तास पुरतो. दुसऱ्या जातीचं कनेक्शन असेल तर तो घेऊन काही उपयोग नाही.

कुठली जात आहे हे सेल्सच्या मुलाला विचारू नका, तो ‘हो हो, फायबरच’ म्हणणार. मजल्यावरचं डक्टचं दार उघडून पाहा. लॅन केबल आठ तारांची, टोकाला पारदर्शक प्लास्टिकची पिन. घरात येणारं फायबर म्हणजे बारीक, ताठर, बहुधा काळी किंवा पांढरी वायर आणि टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी पिन. वॉचमनशी दोन मिनिटं बोला. कोणत्या कंपनीचा माणूस आठवड्यात तीनदा येतो हे त्याला सेक्रेटरीपेक्षा जास्त माहीत असतं. आणि तो तीनदा का येतो, हा पुढचा प्रश्न.

जोडणी करायला टेक्निशियन येतो तेव्हा घरात कोणीतरी हजर राहावं, आणि नुसतं दार उघडायला नव्हे. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढी, आणि प्रकाश वाहतो तो त्याच्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. माणूस वरचं आवरण सोलतो, स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसतो, क्लीव्हर नावाच्या चिमट्यात ठेवून टोक सरळ तोडतो आणि पिन बसवतो. घाईत पुसणं राहिलं तर नऊ मायक्रॉनच्या तोंडावर बसलेला धुळीचा कण म्हणजे दारात उभा केलेला धोंडा. मग तो पॉवर मीटर लावतो. पडद्यावर वजा चिन्हासह एक आकडा दिसतो, एकक डीबीएम. वजा अठरा, वजा वीस छान. वजा सत्तावीसच्या आसपास म्हणजे प्रकाश जेमतेम पोहोचतोय, आज चालेल आणि पुढे कधीतरी प्रकाश तुटल्याचा, एलओएसचा लाल दिवा लागेल. आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार कराल तेव्हा ‘बसवलं त्या दिवशी वजा एकोणीस होतं, आज किती आहे?’ या एका वाक्याने फोनवरच्या माणसाचा सूर बदलतो. वायर खिडकीच्या सरकत्या काचेखाली दबू देऊ नका आणि कोपऱ्यात काटकोनात दुमडूही नका. तंतू तुटला नाही तरी तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडतो.

तिसरी वाट हवेतली. एअरटेलने ऑगस्ट २०२३मध्ये दिल्ली-मुंबईत आणि जिओने त्याच वर्षीच्या गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, पुणे-मुंबईसह आठ शहरांत एअरफायबर आणलं. नावात फायबर असलं तरी घरापर्यंत येतं ते फाइव्ह-जी. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा लागतो, आणि गच्ची म्हटली की सोसायटीची परवानगी आलीच. जिथे सोसायटी नवी वायर ओढू देत नाही, किंवा फ्लॅट सहाच महिन्यांसाठी आहे, तिथे हे सोयीचं. मात्र अशा जोडणीत वर जाणाऱ्या वेगाला उतरणाऱ्यापेक्षा बराच लहान वाटा मिळतो आणि टॉवरवर गर्दी झाली की तोही आक्रसतो. घरात दोन-तीन जण दिवसभर व्हिडिओ कॉलवर असतील तर वायर मिळते आहे तोवर वायरच घ्यावी.

बॅकअप म्हणून दुसऱ्या कंपनीचंही कनेक्शन घ्यावं का, असं पुष्कळजण विचारतात. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा नको. मोठ्या कंपन्यांची शेवटच्या टप्प्यातली वायर अनेकदा स्थानिक केबलवालाच सांभाळतो. बीएसएनएल तर महसुलात वाटा देऊन फायबर त्यांच्यामार्फत घरोघर पोहोचवते. म्हणजे बिलं दोन कंपन्यांची, खांब तोच आणि माणूसही तोच. महापालिकेने रस्त्यावर लोंबणाऱ्या केबल कापल्या तर दोन्ही एकदम जातील. अडीनडीला मोबाइलचा हॉटस्पॉट बरा, तो निदान वेगळ्या वाटेने येतो.

आता एक कोडं. प्लॅन शंभरचा, स्पीड टेस्टमध्ये आकडा पंचाण्णव, तरी कॉलवर आवाज रोबोटसारखा तुटतो. राउटरला शिव्या बसतात, मग कंपनीला. दोषी बहुधा शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन असतो, जो लोणावळ्याच्या ट्रिपचे चारशे फोटो आणि तीस व्हिडिओ क्लाउडवर चढवतोय. चढणीची वाट भरली की राउटर डेटाची पुढची पाकिटं फेकून न देता रांगेत उभी करतो. त्याच्या मेमरीत जागा भरपूर, म्हणून रांगही लांबच लांब. खंबाटकी घाटात चढणाऱ्या ट्रकांच्या मागे अँब्युलन्स अडकावी तसं कॉलचं चिमुकलं पाकीट त्या फोटोंच्या मागे अडकतं. तज्ज्ञ याला बफरब्लोट म्हणतात. संभाषण सहज वाटायचं तर एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत हवा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. भरलेल्या रांगेत तो सहज त्याच्या दुपटीवर जातो.

हे घरी तपासता येतं. लॅपटॉपवर पिंग, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवा, आकडे दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास येत राहतील. मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला घ्या आणि पिंगकडे बघत राहा. आकडे तीनशेवर उडाले तर रोग सापडला. यावर ३०० एमबीपीएसचा प्लॅन हे औषध नाही. औषध दोन. एक म्हणजे अपलोडही डाउनलोडइतकाच देणारा प्लॅन. फायबरवर तो मिळतो, जुन्या केबल टीव्हीच्या जाड वायरीवरून येणाऱ्या नेटमध्ये अपलोड तोकडाच असतो. दुसरं म्हणजे रांग शहाणपणाने लावणारा राउटर, ज्याच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम हा पर्याय असतो. फुकटचं औषध हवं असेल तर फोटोंचा बॅकअप रात्री दोननंतर होऊ द्या, असं फ्लॅटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा लिहायचं.

स्पीड टेस्टवरही फार विसंबू नये. टेस्टचा सर्व्हर कित्येकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, म्हणजे गाडी सोसायटीच्या आवारातच पळवून बघितली. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरांवरून मोजतं, म्हणून दोन्ही करून पाहा, आणि तेही रात्री नऊ वाजता. सकाळी अकराला सगळ्यांचंच नेट छान असतं. घरात येणाऱ्या फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका तंतूवर सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट उतरतात. बत्तीस घरांत वाटले तर घरटी अठ्ठ्याहत्तर मेगाबिट. कंपनी प्रत्येकाला शंभर किंवा तीनशे विकते ती सगळे एकदम ओढणार नाहीत या भरवशावर, आणि हा भरवसा एरवी खराही ठरतो. त्याची परीक्षा होते ती नऊ ते अकरा. आणि लॅन केबल लावूनही आकडा बरोबर चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या पुढे सरकत नसेल तर राउटरचा पोर्ट जुन्या पद्धतीचा, शंभरावर अडकणारा आहे, किंवा आठांपैकी चारच तारा पिनेत बसवल्या आहेत. तीनशेचे पैसे भरून शंभर वापरणारी घरं अशीच तयार होतात.

पण सगळ्यांत जास्त वेग कोण खात असेल तर भिंती. पुण्याच्या पश्चिमेकडचे नवे टॉवर बहुतेक मायवान पद्धतीचे आहेत. त्यात अॅल्युमिनियमच्या साच्यात खोल्यांच्या आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात, सळ्यांच्या जाळीसकट. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीतली विटांची भिंत वायफायला बऱ्यापैकी पार होऊ देते, मायवानची अडवते. त्यात डक्ट मुख्य दारापाशी, म्हणून राउटर चपलांच्या रॅकवर आणि सगळ्यांत कमी भाडं भरणारा सगळ्यांत मागच्या खोलीत. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमते. २.४ची आत शिरते, पण टॉवरमध्ये शेजाऱ्यांचे वीस-वीस राउटर त्याच पट्ट्यात कोंबलेले असतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मधे लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा असेल तर उरलंसुरलंही संपलं.

लोक मग हजार-दीड हजाराचा रिपीटर आणतात. तो त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो; शिवाय रेंजच नाही अशा खोलीत लावला तर मुळात त्यालाच काही ऐकू येत नाही. यापेक्षा पंधरा-वीस मीटर लॅन केबल आणि एक साधा दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून मागच्या खोलीत, हा उपाय कितीतरी पक्का. ओनर ड्रिल मारू देणार नाही, हे गृहीत धरू. पण बिल्डरने हॉल आणि बेडरूममध्ये टीव्ही-टेलिफोनचे पॉइंट दिलेले असतात आणि त्यांच्यामधून भिंतीतल्या भिंतीत प्लास्टिकचा पाइप गेलेला असतो. आता तो बहुधा रिकामाच पडलेला असतो. इलेक्ट्रिशियन त्यातून स्प्रिंग घालून लॅन केबल ओढून देतो, भिंतीला ओरखडाही न पडता. फ्लॅट बघायला जाल तेव्हा पाण्याचा प्रेशर बघता तसंच हॉलमधला हा पॉइंट उघडून बघा आणि मागच्या खोलीतही त्याचं दुसरं तोंड आहे का, ते बघा.

राहिला कागद. भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि कंपनीची सर्वांत गोड ऑफर बारा महिन्यांची, वर एक मोफत. म्हणजे तेराव्या महिन्यात तुम्ही त्या घरात असाल की नाही हेच ठाऊक नसताना पैसे भरून मोकळे. सहा महिन्यांचं पॅकेज घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि पुढे राहायचं ठरलं की पुढचे सहा. वार्षिकच घ्यायचं असेल तर दुसऱ्या पत्त्यावर शिफ्टिंग होतं का, आणि तिथे कंपनीची लाइन नसेल तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो सर, होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे.

कनेक्शन एकाच्याच नावावर निघतं, केवायसी त्याची, ओटीपी त्याला. म्हणून ते सगळ्यांत जास्त काळ राहणाऱ्याच्या नावावर असावं, सगळ्यांत आधी खिशातून पैसे काढणाऱ्याच्या नव्हे. फ्लॅटच्या नेटवरून कोणी नको ते उद्योग केले तर विचारणा आधी त्याच्याकडेच होते, त्यामुळे त्याचा शब्द या बाबतीत इतरांनी मानावा. कोणी फ्लॅट सोडला की पासवर्ड बदला. आधीच्या भाडेकरूंचा जुना राउटर तसाच वापरत असाल तर आजच बदला. तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर घ्या. दाद लागली नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे पत्र लिहीत बसू नका. ग्राहक आयोगाची वाट मात्र खुली आहे.

आणि भिंतीवरचा तो पांढरा डबा सहसा कंपनीचा असतो, तुमचा नाही. फ्लॅट सोडताना पॅकर्सच्या खोक्यात तोही जातो आणि दोन महिन्यांनी वसुलीचा फोन येतो. डबा आणि अॅडॉप्टर परत देताना मागच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, नेणाऱ्याकडून पोच घ्या आणि ती ग्रुपवर टाका, म्हणजे डिपॉझिटच्या वाटणीच्या वेळी हाताशी असेल.